स्विचिंग पॉवर सप्लाय चालतो कसा, आणि कमी व्होल्टेजमध्ये तो किती तग धरतो?

विदर्भातल्या दारव्हा तालुक्यातील एका कास्तकाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. भजनी मंडळाच्या जुन्या अँप्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर एका हाताने उचलायला जड जातो, तर मोबाइलचा चार्जर काडेपेटीएवढा असूनही २३० व्होल्टचे ५ व्होल्ट करतो, हे कसे? रब्बीत ओलिताचे पंप सुरू झाले की गावातले व्होल्टेज १५०-१६० पर्यंत उतरते. तेव्हा अँप्लिफायर घुमू लागतो, पण टीव्ही आणि चार्जर मात्र जणू काही घडलेच नाही असे चालतात, ते का? आणि ते इतके सोशिक असतील, तर सेट-टॉप बॉक्सचे अडॅप्टर आणि टीव्हीचे सप्लाय वारंवार बंद का पडतात, त्यांच्यासाठी स्टॅबिलायझर घ्यावा का?

या सगळ्याचे मूळ एकाच गोष्टीत आहे. स्विचिंग सप्लाय, म्हणजे ज्याला आपण सगळे एसएमपीएस म्हणतो तो, लाइनमधून ऊर्जा मोजून मोजून उचलतो. किती उचलायची हे लाइनचे व्होल्टेज ठरवीत नाही, पुढच्या उपकरणाची गरज ठरवते. त्याचा सोशिकपणा यातूनच येतो, आणि लाइनचे व्होल्टेज पडल्यावर त्याच्या अंगावर येणारा ताणही यातूनच येतो. दुरुस्तीच्या कामात हे दुसरे अंग पहिल्याइतकेच लक्षात ठेवावे लागते.

आधी जुन्या पद्धतीचा सप्लाय पाहू, कारण त्याची मर्यादा समजली की नव्याची गरज आपोआप समजते. त्यात २३० व्होल्ट थेट लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरला जातात, दुसऱ्या बाजूला समजा १५ व्होल्ट एसी मिळतात, मग एसीचे डीसी करणारा ब्रिज, ते साठवून धरणारा मोठा कपॅसिटर आणि शेवटी ठरावीक १२ व्होल्ट देणारा ७८१२ सारखा रेग्युलेटर. लाइन २३० असताना कपॅसिटरवर साधारण १९ ते २० व्होल्ट डीसी उभे राहतात आणि रेग्युलेटर त्यातले १२ पुढे देऊन उरलेले स्वतःच्या अंगावर उष्णतेच्या रूपाने जाळतो. एक अँपियर प्रवाह असेल तर सात-आठ वॅट केवळ हीटसिंक तापवण्यात जातात. लाइन १६० वर आली की त्याच ट्रान्सफॉर्मरमधून १५ ऐवजी जेमतेम साडेदहा व्होल्ट निघतात, कपॅसिटरवर शिखराच्या क्षणी १३ च्या आसपास व्होल्ट मिळतात आणि दोन शिखरांच्या मधल्या काळात तेही खाली घसरतात. ७८१२ ला आपले काम करण्यासाठी आत निदान १४ व्होल्ट लागतात. ते नसले की कपॅसिटरवरचा सेकंदाला १०० वेळा होणारा चढउतार जसाच्या तसा पुढे जातो, आणि तोच भजनाच्या मध्ये ‘घूंऽऽ’ असा ऐकू येतो. अँप्लिफायर बिघडलेला नसतो. त्याच्या सप्लायकडे पडलेले व्होल्टेज भरून काढण्याचा काही उपायच नसतो.

आता ट्रान्सफॉर्मर जड का, याचे कारण ५० हर्ट्‌झ हे आहे. ट्रान्सफॉर्मरच्या एका वेटोळीवर किती व्होल्ट धरता येतील हे तीन गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून असते: गाभ्याचे क्षेत्रफळ, त्यात मावणारी चुंबकीय घनता आणि वारंवारता. व्होल्टेज तेवढेच ठेवून वारंवारता वाढवली, तर गाभा लहान करता येतो आणि वेटोळ्याही कमी लागतात. चार्जरमध्ये ही वारंवारता बहुधा ६५ हजार हर्ट्‌झच्या आसपास असते, म्हणजे लाइनच्या तेराशे पट. एवढ्या वेगाला पत्र्याच्या पट्ट्यांचा गाभा चालत नाही, कारण त्यात भोवरी प्रवाह फिरून तो तापून जाईल. म्हणून फेराइट वापरतात, जे एक प्रकारचे भाजलेले, वीज जवळजवळ न वाहू देणारे चुंबकीय द्रव्य आहे. फेराइटमध्ये मावणारी घनता लोखंडाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकीच धरावी लागते, तरीही हिशेबात अडीचशे पटींहून अधिक फायदा शिल्लक राहतो. किलोंमधला ट्रान्सफॉर्मर बोटाच्या पेरावर मावतो, तो यामुळे.

परंतु लाइनची वारंवारता तर ५० हर्ट्‌झच आहे. ती ६५ हजार कुठून येते? त्यासाठी सप्लाय प्रथम उलटे काम करतो. लाइनचे एसी, ट्रान्सफॉर्मर न लावता, सरळ ब्रिजमधून डीसी करून मेन कपॅसिटरमध्ये भरतो. २३० व्होल्टचे शिखर ३२५ व्होल्ट असते, म्हणून या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी सापडतात. मग हे डीसी मॉसफेट नावाच्या अतिवेगवान स्विचने सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून त्या लहान फेराइट ट्रान्सफॉर्मरला, म्हणजे चॉपरला, दिले जाते. ‘स्विचिंग’ हे नाव या चालू-बंदवरून आले. कल्पना जुनी आहे. ट्रान्झिस्टर येण्यापूर्वीच्या मोटारीतल्या रेडिओत हेच काम कंप पावणारी धातूची पट्टी करीत असे. जास्त व्होल्टेज सोसणारे वेगवान ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर, १९७० च्या दशकात, ही पद्धत घरगुती उपकरणांत शिरली. १९७७ च्या अ‍ॅपल-२ संगणकात असाच सप्लाय होता.

मॉसफेटला उष्णता फारशी सोसावी लागत नाही, कारण तो मधल्या अवस्थेत राहत नाही. पूर्ण चालू असताना त्याच्यावर व्होल्ट जवळजवळ नसतात, पूर्ण बंद असताना त्यातून प्रवाह नसतो. दोन्ही वेळा गुणाकार शून्याजवळ येतो. खर्च होतो तो फक्त एका अवस्थेतून दुसरीत जाताना.

लहान अडॅप्टरमध्ये वापरली जाणारी जोडणी फ्लायबॅक या नावाने ओळखली जाते, आणि तिच्यातला चॉपर खऱ्या अर्थाने ट्रान्सफॉर्मर नसतो. साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये एका बाजूने ऊर्जा येते त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने जाते. येथे मॉसफेट चालू असताना प्रायमरीत, म्हणजे लाइनकडच्या वेटोळ्यांत, प्रवाह चढत जातो आणि ऊर्जा गाभ्यात, विशेषतः गाभ्याच्या मध्ये मुद्दाम ठेवलेल्या बारीक फटीत, साठत राहते. त्या वेळी सेकंडरीचा, म्हणजे आउटपुटकडच्या वेटोळ्यांचा, डायोड उलटा असल्याने पुढे काहीच जात नाही. मॉसफेट बंद झाला की वेटोळ्यांवरचे व्होल्टेज उलटते, डायोड वाहू लागतो आणि साठलेली ऊर्जा आउटपुटच्या कपॅसिटरमध्ये ओतली जाते. विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल: मोट भरत असते तेव्हा थारोळ्यात पाणी पडत नाही, आणि थारोळ्यात पडते तेव्हा मोट भरत नसते, तरी पाटाला पाणी अखंड वाहते.

हे आकड्यांत मांडले की कमी व्होल्टेजचे कोडे सुटते. सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्ट १ अँपियरचा अडॅप्टर घ्या. मधली हानी धरून त्याला आत सुमारे १४ ते १५ वॅट लागतात. प्रायमरीचे इंडक्टन्स (प्रवाहाच्या बदलाला वेटोळ्यांचा होणारा अडसर) १ मिलिहेन्री धरू आणि प्रत्येक वेळी प्रवाह ०.७ अँपियरपर्यंत चढू देऊ. साठणारी ऊर्जा म्हणजे इंडक्टन्स गुणिले प्रवाहाचा वर्ग, त्याच्या निम्मी, ती ०.२४५ मिलिज्यूल येते. सेकंदाला ६०,००० वेळा असे केले की १४.७ वॅट होतात. आता प्रवाह ०.७ अँपियरपर्यंत चढायला किती वेळ लागतो हे मेन कपॅसिटरवरच्या व्होल्टेजवर ठरते. लाइन २३० असेल तर ३२५ व्होल्टला २.१५ मायक्रोसेकंद पुरतात. लाइन १५० असेल तर कपॅसिटरवर २१२ व्होल्ट असतात आणि ३.३ मायक्रोसेकंद लागतात. लाइन ९० वर गेली तरी साडेपाच मायक्रोसेकंदांत काम होते. एका फेरीचा एकूण वेळ १६.७ मायक्रोसेकंद आहे, म्हणजे सगळ्या परिस्थितीत हाताशी वेळ शिल्लक आहे. व्होल्टेज पडले तर मॉसफेट थोडा अधिक वेळ चालू राहतो, एवढाच फरक पडतो. प्रत्येक फेरीतली ऊर्जा तीच, म्हणून आउटपुटही तेच. अडॅप्टरवर छापलेल्या ‘१०० ते २४० व्होल्ट’ या शब्दांमागे हा हिशेब आहे.

किती वेळ चालू ठेवायचे हे ठरवणारी यंत्रणा आउटपुटवर सतत नजर ठेवून असते. बहुतेक चांगल्या सप्लायमध्ये सेकंडरीकडे टीएल४३१ नावाची तीन पायांची लहान आयसी असते, जी आपल्याजवळच्या अचूक २.५ व्होल्टशी आउटपुटच्या ठरावीक हिश्श्याची तुलना करते. आउटपुट किंचित वाढले की ती ऑप्टोकप्लरमधला एलईडी जास्त पेटवते, तो प्रकाश पलीकडच्या फोटोट्रान्झिस्टरवर पडतो आणि प्रायमरीची आयसी चालू-काळ आखडता घेते. प्रकाशाचा मार्ग वापरण्याचे कारण सुरक्षा आहे: लाइनला जोडलेली बाजू आणि हाताला लागणारी बाजू यांच्यामध्ये तारेचा संबंध राहू नये. दुरुस्ती करणारे या दोन बाजूंच्या ग्राउंडला अनुक्रमे हॉट ग्राउंड आणि कोल्ड ग्राउंड म्हणतात, आणि मीटरची काळी तार कुठल्या ग्राउंडला लावली आहे याचे भान सुटले तर वाचन चुकते, प्रसंगी झटकाही बसतो.

आता सोशिकपणाची दुसरी बाजू. उपकरणाला ६० वॅट लागत असतील तर एसएमपीएस ते घेणारच. लाइन २३० वरून १५० वर आली की तेवढ्याच वॅटसाठी त्याला दीडपट प्रवाह ओढावा लागतो. तारा, एनटीसी (सुरू होतानाचा प्रवाहाचा झटका आवरणारा रेझिस्टर), फिल्टरची कॉइल, मॉसफेट यांच्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वादोन पटींच्या पुढे जाते. जुना पिवळा बल्ब किंवा पंखा लाइन पडली की मंद होतो आणि कमी वीज घेतो. एसएमपीएस मात्र पडलेल्या लाइनमधून आणखी प्रवाह ओढतो. एकेका चार्जरने गावाच्या डीपीला फरक पडत नाही, पण टीव्हीच्या आत मात्र उन्हाळ्यातल्या संध्याकाळी हा ताण रोज येतो.

आणि हा ताण सर्वप्रथम उघडा पाडतो तो मेन कपॅसिटर. वर घेतलेल्या अडॅप्टरमध्ये तो समजा २२ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा आहे. लाइनच्या दोन शिखरांमध्ये साधारण ८ मिलिसेकंद त्याला एकट्याने ओझे वाहायचे असते. लाइन १५० असताना तो २१२ वरून १८५ पर्यंत उतरतो, म्हणजे काहीच अडचण नाही. हाच कपॅसिटर उन्हाने आणि वयाने सुकून ५ मायक्रोफॅरडवर आला असेल तर काय होईल? दिवसा २३० व्होल्ट असताना तो ३२५ वरून २४२ पर्यंत उतरतो आणि अडॅप्टर व्यवस्थित चालतो. संध्याकाळी १५० वर मात्र त्या ८ मिलिसेकंदांना पुरेल एवढी ऊर्जा त्याच्यात नसतेच. तो दर फेरीत जवळजवळ रिकामा होतो, आउटपुट कोसळते, बॉक्स पुन्हापुन्हा सुरू होतो. ग्राहक सांगतो की ‘दिवसा चालते, रात्री बंद पडते’, दुकानात दुपारी तपासले तर दोष सापडत नाही, आणि ठपका डिशवर किंवा बॉक्सवर ठेवला जातो. अशी तक्रार आली की मी मेन कपॅसिटर काढून मीटरवर त्याची क्षमता मोजतो. वरून फुगलेला दिसण्याची वाट पाहत नाही. मेन कपॅसिटर पुष्कळदा न फुगताच सुकतो.

दुसरी एक तक्रार याहून फसवी आहे. टीव्ही १३० व्होल्टवरही चालू असतो, परंतु लाइन जाऊन परत आली आणि तेव्हाही व्होल्टेज १३० च असेल, तर तो सुरू होत नाही. चालत्याला पुरणारे व्होल्टेज सुरू होण्याला का पुरत नाही? प्रायमरीच्या आयसीला स्वतःचे जेवण चॉपरवरच्या एका वेगळ्या वेटोळीतून मिळते, पण चॉपर चालू झाल्यावरच. पहिला घास तिला मेन कपॅसिटरवरून एका मोठ्या किमतीच्या स्टार्टअप रेझिस्टरमधून दिला जातो. यूसी३८४२ ही जुनी आणि अजूनही भेटणारी आयसी घ्या: तिच्या पायावर १६ व्होल्ट जमले की ती सुरू होते आणि १० च्या खाली गेले की थांबते. सुरू होण्यापूर्वी तिला साधारण अर्धा, जास्तीत जास्त एक मिलिअँपियर लागतो. रेझिस्टर ३३० किलोओहमचा असेल तर २३० व्होल्टच्या लाइनवर त्यातून ०.९ मिलिअँपियर येतो, १३० वर जेमतेम ०.५. काठावरचा हिशेब आहे. त्यातच असे रेझिस्टर वर्षानुवर्षे जास्त व्होल्टेजखाली राहून हळूहळू वाढतात. तो ६०० किलोओहमवर गेला असेल तर १३० वर फक्त ०.२८ मिलिअँपियर मिळतो आणि आयसी १६ पर्यंत कधीच पोचत नाही. दोन-चार रुपयांचा रेझिस्टर असतो. मेन कपॅसिटरवर व्होल्टेज पूर्ण आहे, फ्यूज चांगला आहे, मॉसफेट चांगला आहे आणि तरी सेट मेलेला आहे, अशा वेळी पहिला संशय या रेझिस्टरवर घ्यावा.

त्याच्या शेजारचा, आयसीच्या पायावरचा २२ किंवा ४७ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर सुकला असेल तर लक्षण वेगळे दिसते. आयसी १६ वर सुरू होते, चॉपर तिला पोसू लागण्याआधीच तो कपॅसिटर १० च्या खाली रिकामा होतो, ती थांबते, पुन्हा भरते, पुन्हा थांबते. बाहेर ‘टिक टिक’ ऐकू येते किंवा पॉवरचा दिवा लुकलुकतो. मात्र आउटपुटला शॉर्ट असला तरी नेमके हेच होते, म्हणून टिकटिक ऐकून किंवा लुकलुकणे पाहून लगेच कपॅसिटर बदलू नये. आधी आउटपुटचा डायोड आणि पुढचा लोड तपासावा.

विदर्भाच्या हवेचा भाग येथे वेगळा सांगितला पाहिजे, कारण पुस्तकात दिलेले आयुष्य आपल्याकडे लागू पडत नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या बाबतीत सर्वमान्य ठोकताळा असा आहे की तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. १०५ अंशांना २००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांना ३२,००० तास टिकतो, पण ७५ अंशांना १६,००० तासच. पहिला आकडा अखंड चालण्याची साडेतीन वर्षांहून अधिक मुदत देतो, दुसरा दोन वर्षेही देत नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना टिनाच्या छपराखालच्या खोलीत, टीव्हीच्या मागे, कापडाखाली झाकलेला बंद प्लास्टिकचा अडॅप्टर ७५ अंशांवर सहज पोचतो. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी अडॅप्टर चालूच राहतो, हेही लक्षात घ्यावे. त्याला भिंतीवर मोकळ्या हवेत टांगणे आणि रात्री बोर्डावरचे बटण बंद करणे, या दोन बिनखर्ची गोष्टींनी त्याचे आयुष्य स्टॅबिलायझरपेक्षा अधिक वाढते.

आता स्टॅबिलायझरकडे येऊ. ज्या टीव्हीवर १०० ते २४० व्होल्ट असे छापले आहे त्याला पडलेल्या व्होल्टेजसाठी रिलेचा स्टॅबिलायझर लावण्यात मला अर्थ दिसत नाही. जे काम स्टॅबिलायझर तीन-चार पायऱ्यांत ढोबळपणे करतो, ते आतली आयसी सेकंदाला हजारो वेळा बारकाईने करीत असते. फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर ही वेगळी गोष्ट आहे, तेथे स्टॅबिलायझर हवाच. टीव्हीला खरा धोका खालून नसून वरून आहे. चार तारांच्या लाइनमध्ये डीपीकडची न्यूट्रल तुटली किंवा सैल झाली की कमी लोड असलेल्या फेजवरच्या घरांत व्होल्टेज ३०० च्या पुढे, वाईट परिस्थितीत ४०० पर्यंत चढते. ३०० चे शिखर ४२४ व्होल्ट आणि ४०० चे ५६५ व्होल्ट होते. ४०० व्होल्टचा मेन कपॅसिटर दोन्ही वेळा मर्यादेबाहेर जातो. वाफ सोडतो किंवा फुटतो, मागोमाग मॉसफेट शॉर्ट होतो, आणि बरेचदा आयसीलाही घेऊन जातो. अडॅप्टरवर ‘२४०’ लिहिलेले असले तरी प्रामाणिक बनावटीत २६४ पर्यंत सोय धरलेली असते, त्यापुढे नाही. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की लाइन तोडणारे आणि परत आल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून जोडणारे उपकरण मीटरजवळ बसवावे. गावात मावळतीला सगळ्यांचे दिवे एकदम प्रखर झाले, तर कारण शोधत बसण्याआधी मेन स्विच खाली करावा.

सप्लायच्या तोंडाशी निळ्या किंवा पिवळ्या चकतीसारखा एक भाग असतो, त्याला एमओव्ही म्हणतात. मृगाच्या आधीच्या गडगडाटात लाइनवर जे क्षणिक उसळते, ते गिळण्यासाठी तो आहे. ४७१ क्रमांकाचा एमओव्ही ३०० व्होल्ट एसीपर्यंत शांत बसतो, त्यावर वाहू लागतो. न्यूट्रल तुटून मिनिटभर ४०० व्होल्ट राहिले तर तो तापून शॉर्ट होतो आणि फ्यूज उडवतो, आणि अशा वेळी पुढचा सप्लाय अनेकदा वाचलेला असतो. पण आपल्याकडे सर्रास काय होते, तर एमओव्ही तोडून टाकला जातो, फ्यूजच्या जागी केसासारखी बारीक तार लावली जाते आणि सेट ‘दुरुस्त’ होऊन घरी जातो. पुढच्या वेळी फ्यूजऐवजी बोर्डच जळतो. या प्रकाराला मी दुरुस्ती मानत नाही. एमओव्ही आणि फ्यूज दोन्ही त्याच मूल्याचे टाकावेत. दोन्ही मिळून चहाच्या किमतीत येतात. जवळ पडणाऱ्या विजेपुढे मात्र यातले काहीच टिकत नाही, तेव्हा प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवणे हाच उपाय.

प्रश्नात नसलेली, पण दुकानात नेहमी विचारली जाणारी एक गोष्ट येथेच सांगतो. सेट-टॉप बॉक्सच्या पत्र्याला किंवा चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपला ओल्या हाताने स्पर्श केला की मुंग्या येतात. याचे कारण हॉट आणि कोल्ड ग्राउंडच्या मध्ये मुद्दाम जोडलेला, निळ्या रंगाचा वाय कपॅसिटर. स्विचिंगचा गोंगाट रेडिओ-टीव्हीत शिरू नये म्हणून तो लागतो. २.२ नॅनोफॅरडचा असेल तर ५० हर्ट्‌झला त्यातून जास्तीत जास्त ०.१६ मिलिअँपियर येतो, जो जाणवतो पण अपाय करीत नाही. तीन पिनांचा अडॅप्टर आणि चांगले अर्थिंग असेल तर तोही जमिनीत निघून जातो. आपल्या काळ्या जमिनीत मात्र उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि ज्या घरात पावसाळ्यात मुंग्या येत नव्हत्या तेथे एप्रिलपासून येऊ लागतात. खड्ड्यात पाणी घातले की फरक जाणवतो. धोका वेगळ्याच ठिकाणी आहे: हा कपॅसिटर बदलताना दिसायला सारखा म्हणून साधा सिरॅमिक कपॅसिटर टाकला आणि तो शॉर्ट झाला, तर लाइन सरळ हातातल्या पत्र्यावर येते. वाय१ किंवा वाय२ असे छापलेलाच टाकावा, नाहीतर जागा रिकामी ठेवलेली बरी. बाजारातल्या अगदी स्वस्त चार्जरमध्ये हा भाग, फ्यूज आणि बोर्डावरचे पाच-सहा मिलिमीटरचे सुरक्षित अंतर, तिन्हींवर काटकसर केलेली आढळते. घेताना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि इंग्रजी ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा.

एलईडी बल्ब सगळे एसएमपीएस नसतात, हेही सांगितले पाहिजे. स्वस्त बल्बमध्ये नुसता एक कपॅसिटर लाइनच्या सिरीजमध्ये घालून प्रवाह मर्यादित केलेला असतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: व्होल्टेज पडल्यावर जो मंद होतो त्यात नियंत्रण करणारे स्विचिंग नाही. त्याची दुरुस्ती करण्यात वेळ घालवू नये, आणि तो उघडून चालू लाइनवर तपासूही नये, कारण त्यात हॉट-कोल्ड असा भेदच नसतो. सगळेच हॉट असते.

ज्यांना स्वतः सप्लाय उघडायचा आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली, लाइन काढल्यावरही मेन कपॅसिटर भरलेला राहू शकतो, विशेषतः सप्लाय सुरूच होत नसेल तर, कारण मग त्याला रिकामा करणारे कोणी नसते. टीव्हीतल्या १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टला सव्वापाच ज्यूल असतात. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून तो रिकामा करण्याची पद्धत चुकीची आहे, २.२ किलोओहम १० वॅटचा रेझिस्टर दोन सेकंद लावावा आणि मीटरने खात्री करावी. दुसरी, भाग बदलल्यावर सेट सरळ लाइनवर न लावता ६० किंवा १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून सुरू करावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर मेन कपॅसिटर भरला आणि शॉर्ट नाही असे समजावे. तो प्रखर पेटून राहिला तर अजून शॉर्ट आहे, आणि नवा मॉसफेट बल्बमुळे वाचला आहे. जळालेला मॉसफेट बदलताना त्याच्या सोर्स या पायातला अर्ध्या-एक ओहमचा रेझिस्टर आणि गेट या पायाचा रेझिस्टर न चुकता मोजावा, कारण मॉसफेट जाताना बहुधा ते दोन्ही नेतो, आणि ते न बदलता लावलेला नवा मॉसफेट पहिल्याच सेकंदाला जातो.

शेवटी फवारणी पंपाच्या चार्जरबद्दल, कारण पराटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी सुरू झाली की दुकानात तेच सर्वांत जास्त येतात. हा चार्जर म्हणजे १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीसाठी साधारण १४ व्होल्टवर बांधलेला एसएमपीएस असतो. बॅटरी हंगाम संपल्यावर तशीच ठेवून दिली की पुढच्या आषाढापर्यंत तिचे व्होल्टेज फार खाली जाते. अशी बॅटरी लावली की चार्जर तिला शॉर्ट समजतो, संरक्षणात जातो आणि त्याचा दिवा लुकलुकू लागतो. कास्तकार नवा चार्जर घेतो आणि तोही लुकलुकतो. खात्री करण्यासाठी बॅटरी काढून रिकाम्या चार्जरच्या पिनवर मीटर लावावा: १४ च्या जवळपास स्थिर वाचन आले तर चार्जर चांगला आहे आणि बदलायची ती बॅटरी आहे. वाचन वरखाली होत असेल तर चार्जर उघडावा आणि आउटपुटचा कपॅसिटर आधी पाहावा. फवारणीच्या द्रावणाचे थेंब आत शिरून बोर्ड हिरवा पडलेला असेल तर तो आधी स्पिरिटने धुऊन, वाळवून, मगच मोजमाप सुरू करावे.